दिवे घासले, गावं पुसली गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंधरा दिवसांपूर्वी रविवारच्या अंकातल्या छोट्या जाहिरातींत एक जाहिरात वाचली आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. एका खासगी न्यासाच्या वस्तुसंग्रहालयाला संग्रहपाल हवा आहे. पात्रता अशी: कोणत्याही शाखेची पदवी, मराठी-इंग्रजी टंकलेखन, संगणकाचं ज्ञान, आणि शेवटी ‘स्वतःची दुचाकी असल्यास प्राधान्य’. न्यासाचं नाव मी लिहीत नाही. दोष त्यांच्या एकट्याचा नाही, अशा जाहिराती मी आयुष्यभर वाचत आले आहे. पण ज्याच्या हातात तीनशे वर्षांपूर्वीची सनद द्यायची, त्याला ती हातात कशी धरायची हे ठाऊक आहे का, हे त्या जाहिरातीत कुणीच विचारलेलं नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलं आहे, पण शक्य झालं तर पूर्ण छापावं ही विनंती.

सातारा जिल्ह्यातल्या एका लहान संग्रहालयात मी ३१ वर्षं नोकरी केली आणि २०१८ साली निवृत्त झाले. तीन खोल्या, एक पडवी, माझ्यासह चार माणसं. पितळी भांडी, दिवे, अडकित्ते, काही तलवारी आणि कट्यारी, मोडी कागदांचे पंधरा-वीस रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, जुनी वस्त्रं, दोन वीरगळ, आणि गावोगावच्या लोकांनी विश्वासानं आणून दिलेलं आणखी बरंच काही. यांतल्या बहुतेक वस्तूंना बाजारात फारशी किंमत येणार नाही. त्यांची किंमत त्या कुठून आल्या, कुणाच्या घरात कशासाठी वापरल्या गेल्या, यात आहे.

१९९१ साली आमच्या नव्या दालनाचं उद्घाटन ठरलं. मोठे पाहुणे येणार होते. आईच्या आजारपणामुळे मी आठ दिवस रजेवर होते. परत आले तर मागच्या अंगणात चटईवर ओळीनं ४६ दिवे वाळत ठेवलेले. समया, लामणदिवे, निरांजनं, पंचारत्या. चिंच आणि राखेनं घासून सोन्यासारखे लखलखीत केलेले. आमचा शिपाई आणि रोजंदारीवर बोलावलेल्या दोन बायका तीन दिवस घासत बसल्या होत्या. दिवाळीला घरची पितळ घासतात तसंच त्यांनी केलं होतं, आणि मनापासून केलं होतं.

मी पहिला दिवा उचलून उलटा केला. बुडावरचा नंबर गेला होता. दुसऱ्याचा पण गेला होता. दहा-बारा दिवे उलटून पाहिल्यावर मी तिथेच पायरीवर बसले.

माझ्या आधीच्या कुणीतरी ते नंबर साध्या ऑइलपेंटनं थेट धातूवर लिहिलेले. चिंचेच्या आणि काथ्याच्या घासणीपुढे ते टिकले नाहीत. नोंदवही काढली, तर ‘लामणदिवा, पितळी, नग १’ अशी एकाखाली एक ओळ. उंची नाही, वजन नाही, खुणा नाहीत, फोटो नाही. कोणता दिवा कोणत्या गावातून, कोणत्या घरातून आला हे सांगणारा एकच धागा होता, तो नंबर. तो अंगणातल्या मोरीतून वाहून गेला होता. मी १९८७ पासून तिथे होते. आधी कागद आणि वस्त्रं हातात घेतली होती, कारण त्यांना धोका जास्त. दिव्यांची पाळी नंतर यायची होती. ती चार वर्षांत आली नाही, याची बोच मला आजही आहे.

पुढचं दीड वर्ष सुट्टीच्या दिवशी मी देणगीदारांची घरं शोधत फिरले. जुन्या पावत्या, पत्रं, कुणाच्या लग्नातल्या फोटोत मागे टांगलेला दिवा, जे मिळेल ते जमवलं. एका गावच्या ऐंशी उलटलेल्या आजींना त्यांचा नातू एस.टी.नं घेऊन आला. मी सात लामणदिवे टेबलावर मांडले. आजींची नजर अधू झाली होती. त्यांनी एकेक दिवा दोन्ही हातांत घेतला, तेलाच्या वाटीखालून बोटं फिरवली, आणि पाचव्याला थांबल्या. “ह्यो आमचा.” वाटीच्या खालच्या अंगाला एक पोचा होता, करंगळीचं टोक मावेल एवढा. त्यांच्या धाकट्या दिरानं लहानपणी साखळी ओढून दिवा खाली पाडला होता. वरच्या राघूची शेपटी तेव्हाच तुटली, आणि साखळीची एक कडी घरीच तांब्याच्या तारेनं सांधली. मी पाहिलं. शेपटी नव्हती, तार होती. पोचा, शेपटी, तार, तिन्ही गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या आणि खाली आजींचा अंगठा घेतला.

असं करत करत ४६ पैकी २९ दिव्यांना त्यांची गावं परत मिळाली. १७ दिवे आजही बिनगावाचे आहेत. शिवाय त्यांच्यावरचा काजळीचा आणि तेलाचा जुना थर गेला तो गेलाच. अशा थरावरून कोणतं तेल जळत होतं याचा माग आज प्रयोगशाळेत लावता येतो. आमच्या दिव्यांच्या बाबतीत तो आता कुणालाच लावता येणार नाही.

त्या शिपायाला मी कधी बोल लावला नाही. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि ज्यांनी हुकूम दिला त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. चौघांत शिकलेली मी एकटी होते, आणि मी आठ दिवस नव्हते.

आता ते शिकणं म्हणजे नेमकं काय, हे सांगते. कारण ‘संग्रहालयशास्त्र’ म्हटलं की लोकांना वाटतं इतिहासाच्या एम.ए.चंच दुसरं नाव. १९८५ साली मी बडोद्याला गेले. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ साली संग्रहालयशास्त्राचा विभाग निघाला, तो देशातला पहिला. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाचा, जगभर नाव असलेला विभाग १९६६ चा, म्हणजे आपल्या बडोद्यानंतर चौदा वर्षांनी. बडोद्याला आपलं असं मी मुद्दाम म्हणते. दांडिया बाजारात एका मराठी कुटुंबाकडे मी दोन वर्षं राहिले. सकाळी तिथे पोहे आणि संध्याकाळी ओट्यावर गायकवाडी काळाच्या गप्पा. कमाटीबागेतलं बडोद्याचं संग्रहालय सयाजीरावांनी उभारलेलं. निळ्या देवमाशाचा सांगाडा तिथे आहे, इजिप्तची ममी आहे, आणि १९५१ साली सापडलेल्या बडोद्याजवळच्या अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती आहेत. त्या मूर्तींसमोर मी किती तास उभी राहिले असेन याची गणती नाही.

आमच्या एका सरांची रीत होती. टेबलावर एखादी वस्तू ठेवायची. पुस्तक उघडायचं नाही, एकमेकांशी बोलायचं नाही, एक तास नुसतं पाहायचं आणि दिसेल ते लिहायचं. मला पहिल्यांदा मिळाली ती लाकडी शेवपात्राची दांडी. दहा मिनिटांत माझं लिहून झालं आणि मी पेन खाली ठेवलं. सर म्हणाले, “अजून पन्नास मिनिटं आहेत.” मग हळूहळू दिसायला लागलं. उजव्या टोकाला लाकूड जास्त गुळगुळीत, म्हणजे वापरणारा जोर उजव्या हातानं लावत होता. मधल्या खाचेत पिठाचा पांढुरका कण. एका बाजूला किडीची भोकं, पण त्यांच्या कडा काळवंडलेल्या, म्हणजे कीड जुनी, आता जिवंत नाही. भोकाखाली ताजा पिवळा भुसा दिसला असता तर ती वस्तू त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी लागली असती. त्या एका तासानं मला जे दिलं, ते पुढे शंभर पुस्तकांनी दिलं नाही.

आणि नंबर लिहिणं. ऐकायला किती साधी गोष्ट, पण मला ती हातात बसायला आठवडा लागला. आधी जागा शोधायची: समोरून दिसणार नाही, पण उचलून फार उलटंपालटं न करता सापडेल, आणि बुडाला नको, कारण तिथे घासून जातो. जागा स्वच्छ करायची. मग अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर, बोटाच्या नखाएवढा. तो पूर्ण वाळू द्यायचा. त्या थरावर शाईनं बारीक अक्षरांत नंबर. तोही वाळला की वरून आणखी एक थर, ब्रशचा एकच हात. दुसऱ्यांदा फिरवला की शाई पसरते. असा नंबर पाण्यानं जात नाही, हात लागून जात नाही, आणि कधी काढायचाच झाला तर कापसाच्या बोळ्याला अ‍ॅसिटोन लावून वस्तूला धक्का न लावता काढता येतो. १९८७.१४.३ असा नंबर असेल, तर १९८७ साली आलेल्या चौदाव्या देणगीतली ती तिसरी वस्तू. वहीत त्याच नंबरापुढे माप, वजन, खुणा, देणाऱ्याचं नाव, गाव, तारीख. हाच नंबर कपाटाच्या फळीवर आणि फोटोच्या पाठीवर. यात एकाही ठिकाणी चूक झाली की वस्तू अनाथ होते.

दुसरं उदाहरण आमच्याच शालूचं. गर्द वांगी रंगाचा जुना शालू, काचेच्या कपाटात अर्धा उलगडून ठेवलेला, आणि कपाटाच्या आत डोक्यावर ट्यूबलाइट. मी नोकरीला लागण्याआधी तो अकरा वर्षं तसाच होता. पहिल्यांदा तो बाहेर काढून घडी उघडली, तेव्हा आतला रंग वांगी आणि बाहेरचा मातकट. घडीच्या कडेवर दोन्ही रंगांची रेघ एखाद्यानं पट्टी धरून आखावी तशी सरळ होती. कापडाला आणि कागदाला ५० लक्सच्या वर उजेड देऊ नये, असं आम्हाला शिकवलेलं. लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप. ते मोजायचं यंत्र हाताच्या तळव्यावर मावतं. तैलचित्राला दोनशेपर्यंत चालतं. उजेडानं झालेलं नुकसान साठत जातं आणि उलटं फिरवता येत नाही. दिवा मंद केला म्हणून गेलेला रंग परत येत नाही. ट्यूबलाइट मी पहिल्याच महिन्यात काढायला लावली. ‘आता लोकांना दिसणार काय?’ असा आक्षेप आला. मग शालू वर्षातून तीनच महिने मांडायचा आणि बाकीचे नऊ महिने आम्लमुक्त कागदात गुंडाळून नळकांड्यावर ठेवायचा, असं ठरवून घेतलं. हे ठरवून घेणं, व्यवस्थापक मंडळाला न दुखावता पटवून देणं, हाही शिकण्याचाच भाग आहे, आणि तो बडोद्यात कमी शिकवला गेला असं मला वाटतं.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं. पुण्याच्या काकासाहेब केळकरांनी कुठं संग्रहालयशास्त्राची पदवी घेतली होती? खरंच नव्हती घेतली. १९२० च्या सुमाराला त्यांनी गोळा करायला सुरुवात केली, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं केलं, वीस हजारांच्या घरातल्या वस्तू जमवल्या आणि १९७५ साली सगळं शासनाच्या हवाली केलं. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्रीभवानी संग्रहालय बांधलं. राजा रविवर्म्याची चित्रं आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प एका डोंगरावर, माणच्या दुष्काळी टापूच्या काठावर आणून ठेवलं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे, पैठणला बाळासाहेब पाटील. शेतात, नदीकाठी, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेच्या, मातीत पावसाळ्यानंतर वर येणारे मणी, खापरं, मातीच्या मूर्ती यांनी वेचून ठेवल्या नसत्या, तर सातवाहन काळाबद्दल आपल्याला आज जे माहीत आहे त्यातलं कितीतरी माहीत नसतं. या माणसांपुढे मी हात जोडते. पण गोळा करणाऱ्याच्या डोक्यात प्रत्येक वस्तूची गोष्ट असते. तो गेला की डोकं जातं आणि वस्तू उरतात. त्यानंतरच्या माणसाला ती वेडी माया नसते, असावी अशी अपेक्षाही करता येत नाही. त्याला पद्धत लागते, आणि पद्धत शिकावी लागते.

आता आपल्याकडे शिकायची सोय काय आहे ते पाहा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मुंबई विद्यापीठाशी संलग्न अशी संग्रहालयशास्त्र आणि संवर्धनाची पदव्युत्तर पदविका आहे. ज्या इमारतीत १९२२ पासून संग्रहालय चालू आहे तिथेच वर्ग, ही फार मोलाची गोष्ट. बडोदं आहे. कोलकाता विद्यापीठात १९५९ पासून हा विषय आहे. दिल्लीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था १९८९ ची. तिचं आता भारतीय वारसा संस्था असं नामांतर झालं आहे. लखनौच्या राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळेतही प्रशिक्षणवर्ग होतात. म्हणजे शिकवणारे आहेत. अडचण आमच्यासारख्या गावांतून तिथपर्यंत पोचण्याची आहे, आणि शिकून परत आल्यावर उभं राहायला जागा नसण्याची.

गेल्या जून महिन्यात शेजारच्या गावची एक मुलगी माझ्याकडे आली. इतिहासात बी.ए., मोडी वाचता येते, हस्ताक्षर मोत्यासारखं. सोबत वडील. मी तासभर उत्साहानं सगळं सांगितलं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “बाई, वरीसभर मुंबैत ठेवायचं म्हंजे खर्च हाय. त्यो करू कसा तरी. पण म्होरं नोकरी लागंल का वो?” मला त्यांना खरं उत्तर द्यायचं होतं. मी पंधरा दिवसांपूर्वीची ती जाहिरात आठवते आणि त्या बापाचा चेहरा आठवतो. मुलगी घरदार सोडून, वर्षभर राबून जे शिकून येईल त्याला जाहिरातीत शून्य गुण, आणि दुचाकीला प्राधान्य.

म्हणून माझं एकच मागणं आहे, आणि ते शासन, विद्यापीठं आणि न्यास या तिघांनाही आहे. पदवीनंतरच्या या शिक्षणात एक पूर्ण वर्ष विद्यावेतन देऊन लहान संग्रहालयांत उमेदवारीचं ठेवा, आणि असं वर्ष केलेल्यालाच संग्रहपाल नेमा. ही कल्पना माझी नाही, नवीही नाही. १९२५ साली अमेरिकेत नेवार्कच्या संग्रहालयात जॉन कॉटन डाना यांनी पदवीधरांसाठी अशीच वर्षभराची उमेदवारी सुरू केली होती. उमेदवारांनी संग्रहालयाच्या विभागाविभागांत प्रत्यक्ष काम करत शिकायचं. आपल्याकडे सुतार, लोहार, सोनार दुसऱ्या कशानं तयार झाले? कायद्याचीही अडचण नसावी. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर अभियांत्रिकीबाहेरचे पदवीधरही त्यात बसतात. कारखान्यात शिकणाऱ्या मुलाला विद्यावेतन मिळतं, ते ताम्रपट सांभाळायला शिकणाऱ्या मुलीला का मिळू नये?

मोठ्या संग्रहालयातच सगळी उमेदवारी नको, लहान ठिकाणीही हवी, असं मी म्हणते त्याला कारण आहे. मोठ्या ठिकाणी प्रयोगशाळा असते, वातानुकूलित भांडार असतं, वेगवेगळ्या कामांना वेगवेगळी माणसं असतात. ती मुलं आमच्याकडे आली की विचारतात, आर्द्रता मोजायचं यंत्र कुठे आहे? आमच्याकडे यंत्र नव्हतं, गळकं छप्पर होतं. चार महिन्यांच्या पावसात कागदाचा रुमाल कसा वाचवायचा हे आमच्याकडेच शिकता येतं. वेखंडाच्या पुरचुंड्या, दर महिन्याला प्रत्येक रुमाल उघडून पाहणं, भिंतीपासून कपाट वीतभर पुढे ओढून ठेवणं म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही दिसतात, फळीच्या कोपऱ्यात चिकट कागदाचे सापळे लावून कसर किती सापडली ते वहीत टिपणं. याला पैसा लागत नाही, लक्ष लागतं. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. रोमन जगातून सातवाहनांच्या कोल्हापुरात आलेला हा समुद्रदेव सांभाळायला शिकण्यासाठी कोल्हापूरसारखी दुसरी जागा कोणती? औंधला चित्रं, तेरला आणि पैठणला माती आणि हस्तिदंत, पुण्यात केळकरांचे दिवे आणि अडकित्ते. मुलांनी तीन-तीन महिने अशा ठिकाणी राहावं. त्या त्या संग्रहालयांची पडून राहिलेली नोंदणीही त्या निमित्तानं पुरी होईल.

नोंदणीबद्दल एक सांगायलाच हवं. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची संगणकप्रणाली केली आहे, ती देशातल्या मोठ्या संग्रहालयांत वापरली जाते. चांगलीच गोष्ट आहे. पण संगणकाच्या चौकटीत कुणीतरी काहीतरी भरावं लागतं. ‘दिवा, धातू, जुना’ एवढं भरलं तर माझ्या १९९१ च्या वहीत आणि त्या संगणकात फरक काय राहिला? समई कोणती आणि ठाणवई कोणती, पितळ कोणतं आणि कासं कोणतं, तांब्यावरची शांत हिरवी झिलई कोणती आणि धातू खाऊन टाकणारी भुकटीसारखी फिकट हिरवी कीड कोणती, हे बघणाऱ्या डोळ्याला यावं लागतं. ही शेवटची गोष्ट चुकली तर बाहेरून धडधाकट दिसणारी मूर्ती आतून पोखरत जाते.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर कुणी विसरलेलं नाही. पाणी ओसरल्यावर सांगलीतल्या एका ग्रंथालयातून मला फोन आला. मी निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. गेले तेव्हा कार्यकर्त्यांनी भिजलेली पुस्तकं गच्चीवर उन्हात पसरली होती, काही तर इस्त्रीनं वाळवायचा प्रयत्न चालला होता. रात्रंदिवस चिखल उपसून थकलेली माणसं होती ती. त्यांना काय बोलणार? उन्हानं कागद आखडतो, शाई फुटते, गुळगुळीत चकचकीत कागद एकमेकांना कायमचे चिकटतात. ओल्या कागदावर साधारण दोन दिवसांत बुरशी धरते, आणि तोवर तीन दिवस होऊन गेले होते. एका वर्तमानपत्राच्या छापखान्यातून कोरा कागद मागवला. आठ-दहा पानांमागे एक ताव, पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी थोडी उघडी, खोलीत सावली, खिडक्या उघड्या, पेडेस्टल पंखे भिंतीकडे तोंड करून, दर चार तासांनी ताव बदलायचे. कॉलेजच्या पोरांनी दोन दिवस झोप न घेता ते केलं. जेवढी वाचली तेवढी वाचली. पाणी शिरायच्या आदल्या दिवशी तिथे एक शिकलेलं माणूस असतं, तर सर्वात दुर्मीळ दोन कपाटं वरच्या मजल्यावर गेली असती. कारण आधी काय उचलायचं याची यादी दाराला लावून ठेवायची असते, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये दिल्लीचं राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय एका रात्रीत जळालं. पूर, आग, वाळवी कुणाचं नाव पाहून येत नाहीत.

लोकांना आस्था नाही असं कुणी म्हणू नये. २०२४ च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हा मी स्वतः रांगेत उभी होते. माझ्यापुढे खटाव तालुक्यातलं एक कुटुंब होतं, आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत. अशी वस्तू परदेशातून उसनी येते, तेव्हा तिच्यासोबत स्थितीअहवाल असतो. कुठे ओरखडा, कुठे गंज, प्रत्येक खूण पेटीत ठेवताना आणि पेटीतून काढताना दोन्ही बाजूंच्या जाणत्या माणसांनी ताडून पाहायची. त्या दिवशी रांगेत मला सारखं वाटत होतं, आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी विश्वासानं दिलेल्या लामणदिव्यालाही हाच मान मिळायला हवा.

माझ्यासारखे निवृत्त झालेले पाच-सात जण या भागात आहेत. कुणी कागदाचं काम केलं आहे, कुणी धातूचं, कुणी आयुष्यभर मूर्तींचे साचे घेतले आहेत. विद्यापीठानं किंवा शासनानं अशी उमेदवारी सुरू केली तर आठवड्यातले दोन दिवस शिकवायला आम्ही मानधनाशिवाय येऊ. एक मोठं टेबल, उत्तरेचा उजेड येणारी खिडकी आणि कुलपाचं एक कपाट एवढी सोय हवी.

ती मुलगी सध्या दर गुरुवारी माझ्या घरी येते. शेतात सापडलेली फुटकी खापरं मी तिला सरावाला दिली आहेत. पहिल्या बारा खापरांवरची शाई वरचा थर देताना पसरली. गेल्या गुरुवारी तेराव्यावरचा नंबर तिनं नळाखाली धरून पाहिला आणि तो टिकला. तिचे वडील मुंबईसाठी अजून हो म्हणालेले नाहीत.

आपली,
एक निवृत्त संग्रहपाल,
वाई, जि. सातारा